एकाच पुरातून दोघे बाहेर पडले, मग एकाचीच झोप का उडाली?

शिरोळ तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षिकेने विचारले आहे: "२०१९ च्या महापुरात आमचे घर पाण्यात होते. माझे पती आणि धाकटे दीर दोघेही वरच्या मजल्यावर अडकले होते. पती काही महिन्यांत सावरले. दीर मात्र अजूनही पावसाळा लागला की झोपत नाहीत, रात्रभर मोबाईलवर पाण्याची पातळी बघत बसतात, लहानसहान गोष्टींवरून चिडतात आणि आता पिऊही लागले आहेत. घरचे म्हणतात, त्याचे मनच कमकुवत. पूर एकच, घर एकच, मग दोघांत एवढा फरक का? आणि माझ्या वर्गातील कोणत्या मुलांकडे आधी लक्ष द्यायला हवे, हे ओळखता येते का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हो, बऱ्याच अंशी ओळखता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक आहे, पण त्यात 'कमकुवत मन' हे कारण कुठेही येत नाही, एवढे आपण घरच्यांना आजच सांगावे. पूरग्रस्तांवर उपचार करताना माझे एक मत पक्के झाले आहे. दारात पाणी किती चढले यावरून आजाराचा धोका जेवढा ठरतो तेवढाच, आणि पुष्कळदा त्याहूनही जास्त, तो पाणी उतरल्यानंतर माणसाच्या वाट्याला काय आले यावरून ठरतो. पाऊस आणि धरणातला विसर्ग आपल्या हाती नसतो. पुराच्या पुढचे वर्ष कसे जावे, हे मात्र घर, गाव आणि शासन मिळून पुष्कळ बदलू शकतात.

आपण वर्णन केलेली लक्षणे आघातोत्तर तणाव विकाराशी, म्हणजे पीटीएसडीशी, जुळणारी आहेत. न तपासता मी निदान करणार नाही. पण हा आजार काय असतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. जिवावर बेतणाऱ्या प्रसंगानंतर तो प्रसंग नको असताना पुन:पुन्हा मनात उभा राहतो, कधी स्वप्नात तर कधी जागेपणी. त्याची आठवण करून देणारी जागा, माणसे आणि विषय माणूस टाळू लागतो. स्वतःविषयी आणि जगाविषयी त्याचे विचार काळवंडतात, आपल्याच माणसांबद्दलची ओढ आटते. आणि शरीर सतत सावध राहते, म्हणजे झोप लागत नाही, माणूस दचकतो, चिडतो. हे सारे एक महिन्याहून अधिक काळ टिकले आणि त्यामुळे काम, घर, नाती यांत अडथळा येऊ लागला, तरच आपण त्याला आजार म्हणतो. पुरानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप उडणे, पाण्याचीच स्वप्ने पडणे, रडू येणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. काहींच्या बाबतीत उलट घडते: सुरुवातीला सारे ठीक दिसते आणि पूर्ण लक्षणे सहा महिन्यांनंतर, कधी त्याहूनही उशिरा उमटतात. त्यामुळे 'तेव्हा तर तो धडधाकट होता, सगळ्यांना बोटीत बसवत होता, आत्ता कुठून हे आले?' असा घरच्यांचा प्रश्न माझ्या परिचयाचा आहे. तेव्हा धडधाकट दिसणे हा आज आजार नसल्याचा पुरावा होत नाही.

आपत्तीशी जितका जवळचा संबंध, तितका धोका अधिक, हे जगभरच्या अभ्यासांत सातत्याने दिसले आहे. २००५ मध्ये गॅलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपत्तींनंतरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात थेट तडाखा बसलेल्यांत या आजाराचे प्रमाण ३० ते ४० टक्के, बचावकार्य करणाऱ्यांत १० ते २० टक्के आणि त्या भागातील इतर लोकांत ५ ते १० टक्के असल्याचे मांडले आहे. हे आकडे जसेच्या तसे आपल्या गावाला लावू नयेत, कारण आपत्तीचा प्रकार, मोजणीची वेळ आणि मोजण्याची पद्धत यांनुसार ते बरेच बदलतात. उतरंड मात्र टिकून राहते. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ रोजी झालेल्या भूकंपानंतर मुलांची तपासणी झाली तेव्हा केंद्रबिंदूच्या जवळच्या शहरांतील मुलांमध्ये लक्षणे सर्वांत तीव्र आणि दूरच्या शहरात सर्वांत सौम्य आढळली.

पण 'जवळचा संबंध' म्हणजे घर नदीपासून किती अंतरावर होते, एवढेच नव्हे. आपण मरणार असे त्या माणसाला खरोखर वाटले होते का? त्याला इजा झाली का? त्याच्यासमोर कोणी गेले का? मृतदेह पाहावा किंवा उचलावा लागला का? सुटकेची वाट बंद असताना तो किती वेळ अडकून पडला? हे प्रश्न दारातले पाणी फुटांत मोजण्यापेक्षा जास्त सांगून जातात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटली. त्या बोटीतून वाचलेल्या माणसाचा अनुभव आणि त्याच गावात पाणी यायच्या आधी बाहेर पडलेल्या माणसाचा अनुभव यांना 'पूर' हे एकच नाव असले, तरी मनाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या घटना आहेत.

इथे आपल्या भागातील पुराचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लोक झोपेत असताना झाला. माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी आणि इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला तेव्हा सावध व्हायलाही वेळ मिळाला नाही. पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी बहुधा चढत-चढत येते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. पूर्वसूचना मिळाल्याने जीव वाचतात आणि आघाताची अचानकताही कमी होते, ही जमेची बाजू. पण हळू चढणारे पाणी हळूच उतरते. दिवसेंदिवस माडीवर, अंधारात, बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला, खाली गोठ्यात जनावरे हंबरत आहेत आणि आपण काही करू शकत नाही, असा काळ काढलेल्यांमध्ये जी असहायता घर करते ती मला घाईच्या प्रसंगातून सुटलेल्यांपेक्षा वेगळी आणि जास्त चिवट वाटते. पुढे पातळीचा आकडाच धास्तीचे कारण होतो: राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याची बातमी आली की घर कोरडे असतानाही छातीत धडधड सुरू होते. आपले दीर रात्रभर पातळी बघतात ती याच जातीची सावधगिरी आहे. शरीर अजून त्या माडीवरून खाली उतरलेले नाही.

जनावरांचा उल्लेख ओघाने आला, पण त्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण परदेशी प्रश्नावल्यांत त्याला पुरेशी जागा नसते. करवीर आणि शिरोळ तालुक्यांत २०१९ ला कितीतरी माणसे वेळेत बाहेर पडली नाहीत ती म्हशींसाठी. बोटीत माणसांनाच जागा होती. एका शेतकऱ्याची हकीकत ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. पाणी गोठ्यात शिरले तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि विळ्याने दावी कापू लागला. तीन जनावरे सुटली; चौथीचे दावे पाण्याखाली गव्हाणीच्या कडीत पिळून बसले होते, हाताला लागत होते पण कापले जात नव्हते, आणि वरून भाऊ ओरडत होता की आता वर ये. तो वर आला. पुढे त्याला पुराची स्वप्ने पडत नव्हती. त्याला फक्त ते ओले, फुगलेले दावे बोटांना लागायचे, तेही भर दुपारी, ट्रॅक्टर चालवताना. तो गोठ्यात जाईनासा झाला, मग दूध घालायला डेअरीत जाईनासा झाला. घरच्यांना वाटले, नुकसानीचा धसका घेतला आहे. पैशाचे नुकसान शेजाऱ्याचे त्याच्याहून मोठे होते. याला जे छळत होते ते 'मी तिला बांधलेले सोडून आलो' हे वाक्य होते.

अपराधीपणाची ही भावना अत्यंत महत्त्वाचा धोकादायक घटक आहे. ज्याला त्या क्षणी निवड करावी लागली, ज्याच्या हातून कोणी निसटले, ज्याने 'अजून पाणी येत नाही, थांबा' असा सल्ला दिला होता, त्याच्याकडे गावाने आधी पाहावे. त्याचबरोबर त्या क्षणी मन सुन्न होणे, आजूबाजूचे सारे खोटे किंवा पडद्यावर चालल्यासारखे वाटणे, वेळेचे भान हरपणे, हेही धोक्याचे मोठे लक्षण आहे. ओझर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ६८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा त्यांनी तपासलेल्या घटकांत प्रसंगाच्या वेळचे हे तुटलेपण आजाराशी सर्वाधिक जोडलेले दिसले. म्हणून 'तो तर अगदी शांत होता, डोळ्यांतून पाणीही आले नाही' हे ऐकून निश्चिंत होऊ नये. शांतपणा कधीकधी सुन्नपणा असतो.

आता आपत्तीपूर्वीच्या घटकांविषयी. आधीचे नैराश्य किंवा चिंतेचा विकार, जवळच्या नात्यात मानसिक आजार, बालपणी झालेली मारहाण, उपेक्षा किंवा अत्याचार, गरिबी आणि कमी शिक्षण यांमुळे धोका वाढतो. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. त्याचे खापर एकट्या जैविक कारणांवर फोडता येत नाही. अनेक स्त्रियांच्या वाट्याला पूर्वीच हिंसाचार आलेला असतो आणि निवारा केंद्रात आडोसा नसणे, पाळीच्या दिवसांची अडचण, लहान मुले आणि आजारी सासू-सासरे यांची अहोरात्र काळजी हे सारे त्यांच्याच अंगावर पडते. वयाच्या बाबतीत म्हातारी माणसे सर्वांत नाजूक असतील असा आपला समज असतो. प्रौढांच्या अभ्यासांत मात्र मधल्या वयाच्या लोकांना जास्त त्रास झाल्याचे अनेकदा दिसले आहे, कारण कर्जही त्यांच्याच नावावर असते आणि दोन्ही पिढ्या त्यांच्याकडेच बघत असतात. आपले दीर त्याच वयाचे असावेत असा माझा अंदाज आहे.

पूर्वी आघात सोसला असेल तर माणूस घट्ट होतो, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. '२००५ चा पूर बघितलाय, आम्हाला काय त्याचे!' हे वाक्य मी निवारा केंद्रांत अनेकदा ऐकले आहे. पूर्वीच्या पुरातून माणूस चांगला सावरला असेल, तर अनुभव कामी येतो हे खरे. कोणते सामान आधी वर चढवायचे, जनावरे कधी हलवायची हे त्याला कळते. पण आधीच्या आघाताची लक्षणे शिल्लक असताना दुसरा आघात झाला, तर धोका वाढतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा धोका पातळीच्या १० फुटांहून अधिक वर गेली आणि मधल्या काळात कोविडचे वर्ष येऊन गेले. पहिल्या पुरात गेलेले घर ज्यांनी कर्ज काढून नुकतेच उभे केले होते त्यांच्याच भिंती पुन्हा पाण्यात गेल्या. २०२१ नंतर आलेल्या रुग्णांकडून मला पुराइतकेच 'आता पुन्हा बांधायचे कशासाठी' हे ऐकायला मिळे.

या पूर्वघटकांना मी अवास्तव महत्त्व देत नाही आणि त्याला आधार आहे. ब्रुइन, अँड्र्यूज आणि व्हॅलेंटाइन यांनी २००० मध्ये ७७ अभ्यास एकत्र करून १४ धोकादायक घटक तोलून पाहिले. लिंग, शिक्षण, आधीचे आजार यांचा परिणाम होता, पण तो तुलनेने माफक. अधिक जड पारडे होते ते आघाताची तीव्रता, आघातानंतरच्या जीवनातील इतर ताण आणि सामाजिक आधाराचा अभाव यांचे. आपण विचारलेल्या कोड्याची किल्ली बहुधा इथेच आहे. आपले पती आणि दीर एका छताखाली होते, पण पाणी उतरल्यावर दोघांचे पुढचे दिवस सारखे गेले का, हे आठवून पाहा. गाळ कोणी काढला? पंचनाम्यात नाव कोणाचे लागले, कोणाचे राहिले? उसाचे पीक कोणाच्या नावावर होते, सोसायटीचे कर्ज कोणाच्या? एकाला शाळेत शिकवणारी, महिन्याला पगार आणणारी पत्नी होती. दुसऱ्याकडे काय होते? ज्याच्याजवळ बोलायला माणूस होते तो सावरला आणि ज्याला 'पुरुषासारखा पुरुष, काय रडतोस' असे ऐकावे लागले तो आत मिटत गेला, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पुरानंतरचे ताण दिसायला क्षुल्लक असतात, म्हणून त्यांची नोंद होत नाही. वाहून गेलेल्या कागदपत्रांसाठी तलाठ्याकडे घातलेल्या फेऱ्या. एका गल्लीत मदत मिळाली आणि दुसरीत नाही यावरून उसळलेली भांडणे. बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा थांबत नसलेला हप्ता. ओल धरलेल्या भिंतींचा न जाणारा वास. नातेवाइकांकडे महिनाभर राहिल्यावर बदललेला त्यांचा सूर. अमेरिकेतील २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर केसलर आणि सहकाऱ्यांनी त्याच लोकांची दोनदा पाहणी केली. काळ गेला की प्रमाण घटेल अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तिथे पीटीएसडीचे प्रमाण १४.९ टक्क्यांवरून वर्षभराने २०.९ टक्क्यांवर गेले होते, आणि त्यामागे वादळाने निर्माण केलेल्या पण न सुटलेल्या रोजच्या अडचणींचा मोठा वाटा होता. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. नुकसानभरपाई वेळेवर आणि वाद न होता मिळणे, हा महसूल खात्याचा विषय मानला जातो. मी त्याला आजार टाळण्याचा उपाय मानतो.

पुनर्वसनाचेही तसेच. सुरक्षित जागी जाणे आवश्यक आहे, पण कोण कोणाबरोबर जाते याला महत्त्व आहे. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा येथील वृद्धांचा अभ्यास झाला. शेजाऱ्यांसह गटाने हलवलेल्या लोकांचे एकमेकांकडे जाणे-येणे टिकले, किंबहुना वाढले. सोडतीने किंवा एकेकटे पांगलेल्यांचे ते घटले. नदीकाठच्या गावांचे स्थलांतर हा आपल्याकडे वर्षानुवर्षे रेंगाळलेला प्रश्न आहे. जुन्या गावातली गल्ली, तालीम, भजनी मंडळ, डेअरीवरची सकाळची भेट, हे सगळे नव्या ठिकाणी सोबत न्यायची सोय नसेल, तर प्लॉट मिळूनही माणूस एकटा पडतो.

आणखी एक घटक आपल्या दिरांना थेट लागू पडतो, तो म्हणजे मोबाईलवर तेच ते पाहणे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर होल्मन आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की त्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या घटनेच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र तणावाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. ती घटना घातपाताची होती, पुराची नव्हे. तरी जुन्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताची परिस्थिती' म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरतात तेव्हा काय होते ते आपण सारे जाणतो. पातळी पाहू नका असे मी नदीकाठच्या माणसाला सांगणार नाही, ते त्याच्या सुरक्षिततेसाठी हवेच. सकाळी आणि संध्याकाळी, जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत माहितीत, ठरलेल्या वेळी पाहावी आणि रात्रीची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या माणसाने घ्यावी.

दारूविषयी स्पष्ट सांगतो. झोप येत नाही म्हणून घेतलेला पेग काही दिवस उपयोगी वाटतो, पण त्याने झोप तुटक होते, आठवणींना सामोरे जाण्याची मनाची क्षमता घटते आणि आजार लांबतो. झोपेच्या गोळ्यांचेही असेच होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या बेंझोडायझेपाइन गटातील गोळ्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मेडिकल दुकानातून कोणी सुचवली म्हणून आणलेली पट्टी घरात असेल, तर ती डॉक्टरांना दाखवा. मात्र बरेच महिने चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका.

मदतीला धावलेल्या तरुणांना आपण या यादीत कधी धरतच नाही. तालमीतील पोरे, पोहणारे, बोट वल्हवणारे, पोलीस, सफाई कामगार, आशा सेविका, मेलेली जनावरे उचलणारी माणसे. प्रशिक्षण न घेता, स्वतःचे घर पाण्यात असताना, विश्रांतीशिवाय काम केलेल्यांना धोका जास्त असतो. सत्कार होतो, फोटो छापून येतो आणि मग त्यांना 'मला त्रास होतोय' असे म्हणणे अधिकच अवघड होते.

आपल्या वर्गातील मुलांविषयी. मुलाला किती त्रास होईल याचा सर्वांत चांगला अंदाज त्याच्या आई-वडिलांच्या अवस्थेवरून येतो. म्हणून ज्या घरात वडील प्यायला लागले आहेत, आई सतत रडते किंवा गप्प आहे, आजी-आजोबा गेले आहेत, गाव बदलले आहे, पुराच्या काळात मूल आई-वडिलांपासून वेगळे पडले होते, त्या मुलांची नावे आधी मनाशी लिहून ठेवा. लहान मुले 'मला भीती वाटते' असे सांगत नाहीत. ती तोच बुडण्याचा खेळ पुन:पुन्हा आणि आनंद न घेता खेळतात, पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, आईला सोडत नाहीत, पोटात दुखते म्हणतात. आकाश भरून आले की वर्गातून दप्तर आवरू लागणारे मूल खोडकर नसते. सातवी-आठवीतला मुलगा उलट उर्मट आणि बेफिकीर वाटू शकतो. अशा मुलाला वर्गासमोर पुराचा अनुभव सांगायला लावू नका आणि त्यावर निबंधही सक्तीने लिहून घेऊ नका. शाळेची वेळ, परिपाठ, खेळाचा तास हे नेहमीप्रमाणे चालू राहणे हाच त्यांचा मोठा आधार असतो.

सक्तीने बोलते करू नये, हे मोठ्यांनाही लागू आहे. आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून, एकाच बैठकीत सारा प्रसंग तपशिलाने वदवून घेण्याची पद्धत एके काळी रूढ होती. तिचा आढावा घेतला गेला तेव्हा त्यामुळे आजार टळत नाही, उलट काहींना अपाय होऊ शकतो, असे दिसले. पहिल्या दिवसांत हवी असते ती सुरक्षितता, कोरडे कपडे, आपली माणसे कुठे आहेत याची माहिती, आणि बोलायचे असेल तर ऐकणारे कोणी.

महिना उलटल्यावर आशा सेविका किंवा शिक्षकाला विचारता येतील असे पाच प्रश्न आहेत. गेल्या महिन्यात त्या प्रसंगाची वाईट स्वप्ने पडली किंवा नको असताना तो आठवत राहिला का? त्याचा विचार किंवा त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळण्यासाठी धडपड केली का? सतत सावध राहणे, दचकणे होते का? माणसांपासून, कामांपासून तुटल्यासारखे, बधिर वाटते का? घडलेल्या गोष्टीबद्दल स्वतःला किंवा इतरांना दोष देणे थांबत नाही, असे होते का? तीन किंवा अधिक उत्तरे 'हो' आली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. हे निदान नव्हे, चाळणी आहे.

आपल्या दिरांच्या बाबतीत चाळणीची गरज राहिलेली नाही. त्यांना तपासणीला आणावे. एवढी वर्षे गेली म्हणून उपचारांचा उपयोग होणार नाही, असे नाही. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि टाळाटाळ बदलणारे संवादोपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्या आठवणींवर काम करणारी पद्धत) या दोन पद्धतींना भक्कम आधार आहे. आवश्यक तिथे सर्ट्रालिनसारखी औषधे दिली जातात आणि त्यांची सवय लागत नाही. दारूचा आणि असल्यास नैराश्याचा उपचार त्याच वेळी, एकत्रच करावा लागतो. कोल्हापुरात सीपीआर या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. प्रवास जमत नसेल तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्यांच्या तोंडून आली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर त्यांना एकटे सोडू नका. शेतीची औषधे घरात असतील तर ती कुलपात ठेवा.

त्यांना तयार करताना 'तुला वेड लागलंय' किंवा 'तुझ्यामुळे घर बिघडलंय' असे शब्द कोणीही काढू नयेत. झोपेपासून सुरुवात करा. झोप येत नाही हे पुरुषाला कबूल करायला सोपे जाते. बोलणे शक्यतो आपल्या पतींनी करावे, कारण त्या माडीवर त्यांच्याबरोबर तेच होते आणि 'मलाही तेव्हा भीती वाटली होती' हे वाक्य दुसरे कोणी म्हणू शकत नाही. शक्य असेल तर भेट पावसाळा सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी घ्या, म्हणजे पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत उपचारांची काही सत्रे पूर्ण झालेली असतील.